चौदा तारखेची बस

रेल्वेच्या संडासाचं दार मी पायाने उघडते. हाताने उघडणाऱ्यांची मला कीव येते. एकतीस वर्षं स्वच्छता निरीक्षक होते मी. हॉटेलांची स्वयंपाकघरं, बेकऱ्यांचे ओटे, मटणाच्या दुकानातले ठोकळे, सगळीकडे नाक खुपसून पाहिलंय. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'नाकबाई' म्हणायचे. म्हणोत बापडे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण जित्याची खोड कुठे जाते? त्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीत चढले, आणि बसता बसता सीटच्या कडेखालून बोट फिरवलं. च्युइंगम. एक नाही, तीन. त्यातलं एक तर ओलं होतं. शी!

मी हौसेने निघाले नव्हते. आदल्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला होता, माझ्या ताईच्या मुलाचा. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "उद्या घराची विक्री आहे. पाच वाजता गिऱ्हाईक येणार, बरोबर त्यांचा वकील. तीन वर्षांनी एक गिऱ्हाईक मिळालंय. डॉक्टर म्हणतात, आईच्या हृदयाला डोंगरावरची थंडी आता झेपायची नाही, हा हिवाळा तिथे काढला तर काही खरं नाही. ती माझ्याकडे खाली यायला तयार झाली होती. बॅगा भरल्या, भांडी बांधली. आणि आता स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलीय. सही करणार नाही म्हणते."

"का?" मी विचारलं. कारण मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं.

"तो लाल कागद. म्हणते, ज्याने चिकटवला त्याने येऊन काढावा. तोवर हलायची नाही."

"मग तू फाडून टाक ना!"

"टाकला असता. ती म्हणते, हात लावलास तर तुझ्या दारात पाय ठेवायची नाही. मावशी, पाचपर्यंत ये. नाहीतर गिऱ्हाईक जाईल, आणि आई तिथेच राहील."

म्हणून निघाले. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बूट काढून बसले होते. मोजेही काढले आणि ते वाळवायला खिडकीच्या गजाला बांधले. खिडकी वाऱ्याच्या बाजूची. म्हणजे त्या मोज्यांवरून येणारी सगळी हवा माझ्या तोंडावर. मग त्यांनी डबा उघडून उकडलेली अंडी सोलली आणि टरफलं पायाने माझ्या बाजूला सारली. "खाणार का?" असंही विचारलं. त्याच पायाची बोटं कुरवाळत! मी कोपरापासून नमस्कार केला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. काचेवर कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा डाग होता.

त्या कागदाचं सांगते. डोंगरातल्या त्या जुन्या गावात ताईचं चार खोल्यांचं लॉज होतं, खाली खानावळ. भावोजी गेल्यावर ती तिथेच राहून एकटीच चालवायची. अकरा वर्षांपूर्वी तिथे जेवून एक प्रवासी आजारी पडला आणि तक्रार आमच्या ऑफिसात आली. खरं तर मी एवढंच लिहायला हवं होतं, की नात्यातलं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. एका ओळीचं काम. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं मला कुणी म्हणायला नको होतं. मला दाखवायचं होतं की ही बाई सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही. भारी मिरवायची हौस होती मला माझ्या सरळपणाची.

ऑफिसच्या जीपमधून गेले. पिठाच्या डब्यात उंदराच्या लेंड्या होत्या. आमची कामाची एक पद्धत होती. पांढऱ्या सुती कापडाचा चौकोनी फडका शेगडीमागून फिरवायचा आणि तो टाचणीने अहवालाला जोडायचा. माझा फडका काळाकुट्ट निघाला. स्वयंपाकघराच्या दारावर मी लाल कागद चिकटवला, 'बंद' म्हणून. खाली पेनाने पुन्हा तपासणीची तारीख घातली, चौदा. त्या दिवशी सगळं स्वच्छ असलं, की ज्या निरीक्षकाने कागद चिकटवला त्यानेच तो आपल्या हाताने काढायचा, असा नियम होता. दुसऱ्या कुणी काढला तर दंड.

ताई भांडली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "चौदाला तूच येशील ना?"

"मीच," मी म्हटलं.

पायथ्याच्या स्टेशनवर गाडी अकराला पोचली. बसस्टँड शेजारीच आहे. अकरा वर्षांत तिथे एकच गोष्ट नवी झालीय, भिंतीवर 'येथे थुंकू नये' असं रंगवलंय. त्या अक्षरांवरच लोकांनी पिचकाऱ्या मारल्या आहेत. तीन नंबरच्या फलाटावर साडेअकराची बस उभी होती, आणि मी तिच्यापासून चार पावलं लांबच थांबले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या चौदा तारखेला मी आले होते. जीप गॅरेजमध्ये होती म्हणून रेल्वेने आले आणि याच फलाटावर, याच साडेअकराच्या बसच्या दाराशी उभी राहिले. पायरीवर एक पाय ठेवला. पहिल्या सीटवर ओकारी होती. सीटवरून ओघळून पायरीपर्यंत आलेली, ताजी, पिवळी, आंबूस. कंडक्टर म्हणाला, "चढा ओ बाई, पाणी आणायला गेलेत." मी पाय मागे घेतला. तोंडावर रुमाल दाबला, वळले, आणि बाराच्या गाडीने सरळ घरी. दुसऱ्या दिवशी फायलीत लिहिलं, 'मालकाशी संपर्क होऊ शकला नाही.' नव्वद दिवसांनी परवाना आपोआप रद्द झाला.

एकतीस वर्षांत मी लिहिलेलं तेवढंच एक खोटं. पण काय खोटं होतं! ज्या दारावर लाल कागद, त्या लॉजवर कोण उतरणार? ताईची खानावळ बुडाली, आणि ती घाणेरड्या स्वयंपाकघराने नाही, माझ्या नाजूक नाकाने बुडवली. तिने फोन केला असता तर मी काहीतरी थाप मारली असती. तिने केलाच नाही. मग मीही केला नाही. आज द्यायचं उत्तर मात्र रेल्वेतच घोकून ठेवलं होतं. त्या दिवशी मला ताप होता, ताई.

बसमध्ये चढले. चढले म्हणजे काय, नाक बंद करून, डोळे मिटून, स्वतःलाच ढकललं. रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज कुरतडलेला. पुढच्या सीटच्या पाठीवर डोकी टेकून टेकून काळा चिकट गोल झालेला. कंडक्टरने जिभेवर बोट ओलं केलं, तिकीट फाडलं आणि ते ओलं तिकीट माझ्या हातात दिलं. दुसऱ्याची थुंकी आणि वर सुट्ट्या पैशांवरून मलाच चार शब्द. मागच्या बाईला खोकला होता, आणि तिचा प्रत्येक खोकला माझ्या मानेवर येऊन पडत होता.

घाट सुरू झाला तशी मला गाडी लागायला लागली. लहानपणापासूनचं आहे. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मामाकडे जाताना प्रत्येक वळणावर मी ओकायचे, आणि ती माझं डोकं धरून खिडकीबाहेर काढायची. एकदा खिडकी अडकून बसली, उघडेचना. आई ओरडतेय, शेजारचे लोक पाय वर घेताहेत. ताईने पटकन दोन्ही हातांची ओंजळ केली आणि माझ्या तोंडाखाली धरली. पुढे गाडी थांबेपर्यंत ती ओंजळ तिने सांडू दिली नाही. तिलाही गाडी लागायची. पण मला म्हणायची, "तू शेजारी असलीस की मला नाही लागत ग."

दोन वाजून वीस मिनिटांनी बस अर्ध्या घाटात खोकली आणि बंद पडली. इंजिनातून वाफ निघाली. ड्रायव्हरने उतरून पाहिलं, डोकं खाजवलं आणि शांतपणे विडी पेटवली. "मागची बस पाचला," तो म्हणाला. पाचला! पुरुष मंडळी लगेच रांगेत उभी राहून रस्त्याच्या कडेला मोकळी व्हायला लागली, तीही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. अक्कल नावाची गोष्ट सरकार वाटत नाही, हे खरं.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. पहिली गाडी थांबली नाही. दुसरी थांबली, तो कोंबड्यांचा टेम्पो होता. मागे पिंजऱ्यावर पिंजरे, वरच्या कोंबड्या खालच्यांवर शिटताहेत आणि खालच्या त्यांच्याहून खालच्यांवर. दुष्काळात तेरावा महिना.

"वर गावापर्यंत जाणार?" मी विचारलं.

"वेशीपर्यंत," कोंबडीवाला म्हणाला. "आत गाड्या जात नाहीत, रस्ते अरुंद. या मावशी, बसा." त्याने पुढच्या सीटवरचा खराटा आणि एक मेलेली कोंबडी उचलून पायाशी टाकली. माझ्या पायाशी!

मी बसले. काय करणार? पाचच्या पुढे झालं असतं तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं. सीटवर पिसं होती, काचेला शिटेचे पांढरे ओघळ होते, आणि वास इतका उग्र की डोळ्यांना पाणी आलं. पाचव्या वळणावर पोट उसळलं. खिडकीची काच खाली करायला गेले, तर हँडलच नाही. पर्समधून पांढरा फडका काढला. हो, घरून निघताना घेतला होता तो, आणि का ते मलाही सांगता येणार नाही. तो तोंडाशी धरला. एवढ्याशा फडक्यात काय मावतंय? साडीवर, पर्सवर, चपलांवर, सगळीकडे झालं. मेलेल्या कोंबडीवरसुद्धा.

"असू द्या मावशी," कोंबडीवाला म्हणाला. "रोज धुतो मी गाडी." त्याने नाक मुरडलं नाही की तोंड फिरवलं नाही. आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मी बाटलीला तोंड लावून प्यायले. बाटलीच्या तोंडाला काय होतं ते मी पाहिलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

वेशीवर उतरले तेव्हा साडेचार झाले होते. जुनं दगडी गाव ते. अरुंद चढ, पायऱ्या, लाकडी सज्जे, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. फोटो काढायला लोक लांबून येतात. मी धापा टाकत चढत होते, केसांत पिसं, अंगाला आंबूस वास. नळावर एक बाई पाणी भरत होती. मी हात धुवायला वाकले, तशी तिने आपली बादली बाजूला ओढली आणि पदर नाकाला लावला. त्या बाईचं तोंड मी नीट पाहिलं. ओळखीचं होतं. तसं तोंड मी हजार लोकांसमोर केलंय.

भाचा दारातच उभा होता. "मावशी? अग, हे काय झालं तुझं?"

"कोण आलंय?" आतून ताईचा आवाज आला. "आधी पाय धू म्हणावं."

मी पाय धुतले, हात धुतले, तोंड धुतलं आणि आत गेले. ताई स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्चीवर बसली होती. किती वाळली होती! ओठ निळसर, पायांवर सूज. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"किती ग घाण झालीयस, चिमे," ती म्हणाली. चिमी म्हणणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलं नाही.

दारावर तो कागद होता. लाल कसला, फिकट गुलाबी झाला होता. कागदाभोवतीचं लाकूड घासून घासून पांढरं पडलं होतं. कागदाला धक्का न लावता अकरा वर्षं दार धुतलं होतं बाईने. ओटा लखलखत होता. शेगडीचे बर्नर सुटे करून धुऊन फडक्यावर ओळीने मांडले होते. ज्या घराची आज विक्री, त्या घराचं स्वयंपाकघर!

"तपास," ताई म्हणाली.

"ताई, पावणेपाच झाले. मी नुसता कागद काढते."

"तपासल्याशिवाय काढायचा नियम आहे का?"

नव्हता. माझा फडका तर कोंबडीवाल्याच्या टेम्पोत गेला होता. ताईने पदराखालून एक काढून दिला. पांढरा, इस्त्री केलेला, चौकोनी घडीचा. घडीवर पिवळी रेघ पडली होती, इतकी वर्षं ठेवलेला. मी तो शेगडीमागे फिरवला, फळीखाली फिरवला, पिठाच्या डब्याच्या तळाला फिरवला. निघाला तसाच्या तसा. त्या खोलीत घाण असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे मी.

"पास," मी म्हटलं. कागदाकडे हात नेला.

"थांब," ताई म्हणाली. "चौदाला का आली नाहीस?"

भाचा दारात उभा होता. तो घड्याळाकडे पाहत होता. माझ्या तोंडून घोकलेलं उत्तर आपसूक बाहेर पडलं. "मला ताप होता, ताई."

ताईने माझ्या हातातला फडका घेऊन त्याची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "बसच्या पायरीवर पाय ठेवलास, तेव्हा होता का ग ताप?"

कागदाकडे नेलेला हात मी खाली घेतला.

"मी आले होते खाली, तुला घ्यायला," ती म्हणाली. "सकाळच्या पहिल्या बसने, तीच साडेअकराला परत वर येते. आदल्या दिवशी तुझ्या ऑफिसातून कळलं होतं, जीप बिघडलीय. म्हटलं, हिला गाडी लागते, एकटी कशी येईल. पण चार दिवस घासत होते, पोटात काही नव्हतं, मलाच लागली. पार उतरता उतरता. सीटवर सगळं झालं. कंडक्टर बोलला, ते ऐकून घेतलं आणि बादली घेऊन नळावर गेले. म्हटलं, तू यायच्या आत धुऊन काढू. येऊन बघते तर तू पायरीवर. हाक मारणार होते."

"मग?"

"मग तुझं तोंड पाहिलं."

मला वाटलं जमीन दुभंगावी. रडूही येईना. स्वतःची इतकी किळस मला कुठल्या गटाराशीही आली नव्हती. ती ओकारी माझ्या बहिणीची होती. माझ्यासाठी घासून घासून, उपाशीपोटी खाली उतरलेल्या बहिणीची. आणि मी रुमाल दाबून पळाले. बादली घेऊन ती तिथे उभी होती आणि मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी खोटं बोलले आत्ता," मी म्हटलं. "फायलीतही खोटं लिहिलं. मला किळस आली, ताई. मी घाण बघून परत गेले."

"माहितेय," ती म्हणाली. "तेच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आता काढ तो कागद."

कागद निघेना. ऑफिसचा डिंक, त्यावर अकरा वर्षं. नखांनी खरवडत बसले. "पाणी लाव," ताई मागून म्हणाली. "तुला पहिल्यापासून घाईच." मी पाणी लावलं, नखं मोडली, शेवटचा तुकडा निघाला त्याच्यावर 'चौदा' होतं. मागे गिऱ्हाईक आणि वकील येऊन उभे राहिले होते. गिऱ्हाईकबाईंनी माझ्याकडे पाहून नाकाला रुमाल लावला. ताईने सही केली. मग खुर्चीवरून उठली आणि खुर्चीसुद्धा पुसली.

वेशीबाहेर भाच्याची गाडी उभी होती. अजून ऊन होतं. आम्ही दोघी मागे बसलो, ताईच्या मांडीवर भांड्यांची पिशवी. तिसऱ्या वळणावर तिचा चेहरा पांढरा पडला.

"थांबव रे गाडी," मी ओरडले.

"कुठे थांबवू, मावशी? एका बाजूला दरी आणि मागे ट्रक!"

ताईने तोंडावर हात धरला. मी तिची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांची ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली. ती मान हलवून नको नको म्हणत होती. "ओक ग बाई," मी म्हटलं, "उगीच मानापमान नको." आणि झालं. गरम, आंबट, चिकट. खोटं कशाला बोलू, मला भयंकर किळस आली. अंगावर काटा आला. बोटांच्या फटीतून मनगटावर ओघळ आला तेव्हा तर डोळे मिटून घेतले. पुढे चार वळणं थांबायला जागा नव्हती. मी ओंजळ तशीच धरून बसले.

ताईने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. "आणि तुला?" तिने हळूच विचारलं. "तुला नाही लागत का ग आता गाडी?"

"तू शेजारी असलीस की नाही लागत," मी म्हटलं. माझ्या पोटात नुसतं ढवळत होतं.